बायबल कोणीं लिहिलें?

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही ठाण्यास वागळे इस्टेटींत आमच्या मावसभावाकडे आठ दिवस राहिलों. दादा आमच्याहून चार वर्षांनीं वडील. घराणें सुताराचें, त्यांच्या वडिलांचा वाकस-रंधा आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. पुढें लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आले, बलुतें गेलें, आणि दादा ठाण्यास येऊन लेथवर टर्नर झाले. ही वसाहत साठ वर्षांमागें सरकारनें कारखान्यांसाठीं वसविली. साताऱ्याचे, सांगलीचे, कोंकणांतले किती तरी लोहार, सुतार आणि कुणबी तेथें येऊन यंत्रापुढें उभे राहिले. आतां पुष्कळ कारखान्यांचे भोंगे बंद होऊन त्यांच्या जागीं कांचेच्या इमारती आल्या आहेत. त्यांत काय चालतें हें जुन्या कामगाराला कळत नाहीं, आणि कळून घ्यावें म्हटलें तर दारावरचा पहारेकरी आंत सोडीत नाहीं.

दादांचा कारखाना असाच बंद पडला. दादा दारूला लागले. त्या दिवसांत शेजारच्या एका बाईनें वहिनींना आपल्याबरोबर प्रार्थनेला नेलें. पुढें दोन वर्षांनीं दादांची दारू सुटली. वहिनी म्हणतात, प्रार्थनेनें सुटली. दादा म्हणतात, डॉक्टरच्या गोळ्यांनीं सुटली. आमचें मत कोणी विचारलें नाहीं, पण विचारलें असतें तर आम्ही म्हटलें असतें कीं, वहिनींनीं दोन वर्षें जो नेट धरला त्यानें सुटली. तें कसेंहि असो. वहिनींनीं बाप्तिस्मा घेतलेला नाहीं. देव्हाऱ्यांत खंडोबाचा टांक जेथें होता तेथेंच आहे. फक्त शेजारीं फळीवर मराठी बायबल आलें आहे, आणि चौथी शिकलेली ही बाई रोज रात्रीं भांडीं आटोपल्यावर त्यांतलें एक पान बोट ठेवून वाचते. आम्ही शिक्षक आहों. चाळिशी उलटलेल्या बाईचें वाचन पुस्तकाच्या ओढीनें सुधारलेलें पाहून आम्हांस आनंद झाला, हें आम्ही लपवीत नाहीं.

परंतु या पुस्तकावरून घर फुटण्याची वेळ आली आहे. गांवाहून थोरल्या चुलत्यांचा निरोप आला कीं, तें पुस्तक घरांत असेल तर पौषांत खंडोबाच्या जत्रेला येऊं नका, आणि पोराच्या सोयरिकीचेंहि आमच्याकडे बोलूं नका. आणि पोरगा, आयटीआय झालेला, हुशार, तो मोबाइलवर कांहीं तरी वाचून आईला म्हणाला, “आई, हें सगळं बनावट आहे. मोशेनं लिहिलेली म्हणतात ती पाच पुस्तकं. त्यांतच मोशे मेला आणि त्याला कुठं पुरलं ते कुणाला ठाऊक नाही असं लिहिलंय. मेल्यावर कोण लिहितं?” आणि हंसला. वहिनींनीं दुसऱ्या दिवशीं पाळकांना विचारलें. पाळक म्हणाले, असे प्रश्न सैतान सुचवितो, अक्षर न् अक्षर देवानें सांगितलेलें आहे. वहिनी घरीं आल्या आणि जेवल्या नाहींत. रात्रीं आम्हांस म्हणाल्या, “भाऊजी, पोरगा म्हणतो खोटं, पाळक म्हणतात विचारू नको. तुम्ही शिकलेले. खरं काय ते सांगा, मी सोसीन.”

आम्ही मराठी ट्रेनिंग कॉलेजांत शिकलेले मास्तर. ग्रीक किंवा हिब्रू आम्हांस येत नाहीं, इंग्रजीहि कोशाच्या आधारानें वाचतों. पण या विषयावर वाचलेलें आहे, आणि जें ठाऊक आहे तें न सांगणें हीहि एक लबाडीच. म्हणून आम्हीं सांगितलें, तें येथें देतों.

पोरगा म्हणाला तें खरें आहे. अनुवाद नांवाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत मोशेच्या मरणाची हकीकत आहे, आणि त्याची कबर आजवर कोणास ठाऊक नाहीं असें म्हटलें आहे. हा ‘आजवर’ शब्द पुष्कळ मागाहून लिहिणाऱ्याचा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत झाडें, पशुपक्षी आणि शेवटीं स्त्री-पुरुष बरोबर उत्पन्न होतात. दुसऱ्या अध्यायांत आधीं पुरुष, मग झाडें, मग जनावरें, आणि सर्वांच्या शेवटीं स्त्री. एका घरीं चालत आलेली कथा आणि दुसऱ्या घरीं चालत आलेली कथा कोणीं तरी आदरानें शेजारींशेजारीं ठेवल्या, असें अभ्यासकांचें म्हणणें आहे. मत्तय, मार्क, लूक, योहान हीं चार शुभवर्तमानें. त्यांच्या माथ्यावर नांवें आहेत, पण आंत लिहिणारा आपलें नांव सांगत नाहीं. मार्काचें पहिलें लिहिलें गेलें, तें येशूनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं, असें बहुतेक विद्वान मानतात. लूक तर आरंभींच म्हणतो कीं, पुष्कळांनीं या गोष्टी लिहिल्या, म्हणून मींहि नीट शोध करून लिहितों. म्हणजे आकाशवाणी ऐकून लिहिलें असें तो म्हणत नाहीं. विचारपूस करून लिहिलें म्हणतो. इब्री लोकांस लिहिलेलें पत्र कोणाचें, तें देवाला ठाऊक, असें ओरिगेन नांवाच्या ख्रिस्ती पंडितानेंच तिसऱ्या शतकांत म्हणून ठेवलें आहे. तेव्हां हे प्रश्न मोबाइलनें काढलेले नव्हेत, आणि सैतानानेंहि नव्हेत. त्या धर्माच्या आंतल्याच माणसांनीं ते काढले.

मूळ लेखकाच्या हातचा एकहि कागद आज उरलेला नाहीं. नकलांच्या नकला आहेत. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंतल्याच हस्तलिखित प्रती, लहान तुकडे धरून, पांच हजारांवर आहेत. सर्वांत जुना समजला जाणारा तुकडा तळहाताएवढा असून मँचेस्टरला आहे. तो दुसऱ्या शतकांतला मानतात. सिनाय पर्वताच्या मठांतून निघालेली मोठी प्रत चौथ्या शतकांतली. ती १९३३ सालीं इंग्रजांनीं रशियाकडून एक लाख पौंडांना विकत घेतली. या प्रतींत आणि तितक्याच जुन्या रोमच्या प्रतींत मार्काचें पुस्तक रिकामी कबर पाहून बायका भिऊन पळाल्या येथेंच संपतें. आज छापतात त्या पुढच्या बारा ओव्या (ते लोक त्यांना वचनें म्हणतात) तेथें नाहींत.

येथवर वहिनी शांत होत्या. आतां एक गोष्ट सांगावयाची होती, आणि आमची जीभ अडखळली. योहानाच्या पुस्तकांत व्यभिचाराच्या आरोपाखालीं एका बाईला धरून आणतात. दगडांनीं मारायला निघालेल्या त्या पुरुषांना येशू म्हणतो कीं, ज्यानें पाप केलें नाहीं त्यानें पहिला दगड टाकावा. ही गोष्ट वहिनींची आवडती. तें पान त्यांच्या पुस्तकांत बोटांनीं मळलेलें आम्हीं पाहिलें होतें. आणि सर्वांत जुन्या प्रतींत ही गोष्ट नाहीं. नव्या भाषांतरांतून ती कंसांत किंवा टीप देऊन छापतात.

सांगावें कीं न सांगावें? आम्हीं सांगितलें. वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “म्हणजे कुणी तरी ती मागनं आणून घातली.” आम्ही म्हणालों, होय, बहुधा तोंडोतोंडीं चालत आलेली जुनी गोष्ट असावी. त्या म्हणाल्या, “मग ज्यानं घातली त्याला ती टाकून द्यायला जीव झाला नसंल.” यावर पोरगा हंसला नाहीं. आम्हीहि कांहीं बोललों नाहीं. या बाईला आम्ही शिकवायला बसलों होतों!

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मास्तरकीचा एक उद्योग केला. चाळीच्या जिन्यांत कमिटीची सूचना चिकटविली होती, ती उतरून आणली. मजकूर असा: सर्व भाडेकरूंस कळविण्यांत येतें कीं, मंगळवारीं सकाळीं साडेपांच ते सात नळाला पाणी येईल, सायंकाळीं सहा ते साडेसहा नळाला पाणी येईल, कोणीं मोटार लावूं नये. चाळींतलीं सहा मुलें बसविलीं. दोघांनीं मूळ सूचनेवरून उतरून घेतलें. पहिल्याच्या कागदावरून आणखी दोघांनीं, दुसरीच्या कागदावरून आणखी दोघांनीं. मूळ कागद आम्हीं खिशांत घातला, सहा नकला वहिनींपुढें आणि पोरापुढें ठेवल्या, आणि म्हटलें, आतां मूळ काय होतें तें काढा.

मजा अशी झाली कीं, पहिल्या मुलाची नजर एका ‘पाणी येईल’वरून दुसऱ्या ‘पाणी येईल’वर घसरली आणि सायंकाळची ओळ सगळीच बुडाली. त्याच्यावरून उतरणाऱ्या दोघांतहि ती नाहीं. त्यांतल्या एकानें साडेपांचचे पांच केले. दुसरी मुलगी शहाणी. मागच्या आठवड्यांत पाणी बुधवारीं आलें होतें म्हणून तिनें मंगळवारचा बुधवार ‘सुधारला’, आणि तिच्या दोघां चेल्यांनीं तो तसाच घेतला. त्यांतल्या धाकट्यानें शेवटीं ‘टाकी धुवून ठेवावी’ असें जास्त घातलें. त्याची आई रोज म्हणते.

पोरगा मतें मोजूं लागला. तीन कागदांत सायंकाळ आहे, तीनांत नाहीं. बरोबरी! वहिनी कागद जवळ धरून बघत होत्या. म्हणाल्या, “या तिघांत भाडेकरूच्या जागी भाडेकरी लिहिलंय. हे तिघं एका घरचे. एकानं चुकवलं ते तिघांनी चुकवलं. तीन साक्षी नव्हेत, एकच.” आमच्या अंगावर कांटा आला. युरोपांतल्या पंडितांनीं दोनशें वर्षें घालवून हीच रीत बसविली: चुका जुळल्या कीं नकलांची भावकी कळते, आणि भावकी कळली कीं संख्या मोजण्याचें कारण राहत नाहीं. मग पोरानेंहि डोकें चालविलें. सायंकाळची ओळ कोणी उगाच कशाला रचील, तेव्हां ती मूळचीच, आणि हरवण्याजोगीहि, कारण शब्द तेच दोनदां आले आहेत. पांच एकट्याचे, ते गेले. टाकी एकट्याची, तीहि गेली. राहिला वार. मंगळवार कीं बुधवार, हें दोघांना कांहीं केल्या ठरवितां येईना. आम्हीं खिशांतला कागद काढून दाखविला. वार सोडून सगळें अक्षरश: जुळलें होतें.

बायबलचें असेंच आहे. प्रतींमधले फरक मोजले तर लाखांनीं आहेत. पण त्यांतले बहुतेक ऱ्हस्वदीर्घाचे, शब्द मागेंपुढें झाल्याचे, ओळ गळल्याचे. कांहीं थोडे मोठे आहेत, आणि त्यांतल्या कांहींचा निर्णय आज होत नाहीं, कारण खिशांतला मूळ कागद कोणापाशींच नाहीं. १९४७ सालीं मृत समुद्राकांठीं एका अरब मेंढपाळ पोराला गुहेंत मडकीं सांपडलीं. त्यांत चामड्याच्या गुंडाळ्या होत्या. तेथल्या गुहांतून निघालेली यशयाची गुंडाळी तोंवर हातीं असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारें हजार वर्षांनीं जुनी ठरली. ताडून पाहिलें तर शब्दांचे व वर्णांचे फरक पुष्कळ निघाले, पण पुस्तक तेंच. तेव्हां ‘सगळें बदलून टाकलें’ म्हणणारा पोरगा चुकतो, आणि ‘अक्षरहि बदललें नाहीं’ म्हणणारे पाळकहि चुकतात.

या उद्योगाचा शेवट राहिला. मंगळवार उजाडला. साडेपांचाला सगळी चाळ हंडे-कळशा घेऊन नळावर, आणि नळाला थेंब नाहीं! वहिनी रिकामी कळशी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, सूचना तुम्ही बरोबर शोधली, पण पाणी काही आलं नाही.”

आम्हीं जें दोन तास बोलून समजाविलें नसतें तें या एका वाक्यांत आलें. मूळ शब्द काय होते हा एक प्रश्न. ते कोणीं लिहिले हा दुसरा. आणि ते खरे कीं खोटे हा तिसराच. पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणून तिसऱ्याचें मिळत नाहीं, आणि दुसऱ्याचें नाहीं मिळालें म्हणून तिसरा बुडत नाहीं. मोशेनें लिहिलें नसेल. म्हणून चोरी करूं नये हें खोटें होत नाहीं. मोशेनेंच लिहिलें असें उद्यां सिद्ध झालें, तरी समुद्र दुभंगला हें सिद्ध होत नाहीं. पोरगा या तिन्ही प्रश्नांची खिचडी करून आईच्या ताटांत वाढीत होता. पाळकहि तेंच करीत होते, फक्त उलट्या बाजूनें.

आतां पोराची पाळी. आम्हीं त्याला विचारलें, तुझ्या आजीची ज्ञानेश्वरी देव्हाऱ्यांत आहे. ती ज्ञानदेवांच्या हातची काय? तीनशें वर्षांच्या आंत तिचे पाठ इतके बिघडले कीं, शके १५०६ त पैठणास एकनाथांना प्रती जमवून ती शुद्ध करावी लागली. तुकोबांचा गाथा घे. सरकारी मदतीनें १८६९ पासून छापला त्यांत साडेचार हजारांवर अभंग आहेत. त्यांतले सगळे तुकोबांचे, असें त्या विषयाचा जाणता माणूस शपथेवर सांगणार नाहीं. तुकोबांचे शब्द राहिले ते कोणामुळें? चाकणच्या संताजी जगनाड्यामुळें, आणि संताजी जातीनें तेली. घाण्याचा धंदा करणाऱ्या त्या माणसाच्या वह्या पुढें कोणाला महत्त्वाच्या वाटल्या? याच ठाण्यांतल्या विनायक लक्ष्मण भाव्यांना. त्यांनीं १९१९ च्या सुमारास त्या वह्यांवरून अस्सल गाथा म्हणून छापला. जें ग्रंथसंग्रहालय त्यांनीं १८९३ सालीं काढण्यास हातभार लावला तें वागळे इस्टेटीपासून बसनें अर्ध्या तासावर आहे; पोरानें तें पाहिलें नव्हतें. (दादांनींहि नव्हतें. आम्हींहि पहिल्यांदा पाहिलें तें पस्तिशीनंतर.)

आणि आमचेंहि पाप येथेंच कबूल करतों. व्यासांनीं सांगितलें आणि गणपतीनें महाभारत लिहून घेतलें, ही गोष्ट आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें इतिहास म्हणून सांगितली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत हजारावर हस्तलिखितें ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ति पुरी केली. त्या आवृत्तींत गणपतीची ही गोष्ट मूळ मजकुरांत राहिली नाहीं, परिशिष्टांत गेली. हें समजल्यावर आम्हीं गणपति सोडला काय? नाहीं. भाद्रपदांत आमच्या घरीं मूर्ति येते. मग दुसऱ्याच्या पुस्तकाच्या परिशिष्टावरून त्याच्या देवाला हंसण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

परंतु यावरून कोणी असें समजूं नये कीं, सगळ्यांच्याच पोथ्या सारख्या, तेव्हां कोणींच कांहीं विचारूं नये. आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. विचारावें, आणि ज्याला पोथीपासून दूर ठेवलें त्यानें तर आधीं विचारावें. आफ्रिकेंत नाताळ प्रांतीं कोलेन्सो नांवाचे इंग्रज बिशप होते. हे गणिती, शाळेंतलीं अंकगणिताचीं पुस्तकें लिहिणारे. झुलू भाषेंत बायबल उतरवितांना त्यांचा झुलू सोबती विल्यम न्गिदी यानें जलप्रलयाच्या गोष्टीपाशीं थांबून विचारलें, हें सगळें खरेंच घडलें काय? सगळीं जनावरें एका जहाजांत? बिशपांना हो म्हणवेना. ते घरीं बसून हिशेब मांडूं लागले. सहा लक्ष पुरुष आणि त्यांचीं बायकामुलें मिसरांतून एका रात्रींत निघालीं म्हणतात. तीं सगळीं मंडपाच्या दारापुढें उभीं राहिलीं म्हणतात. तर रांग किती मैल होईल? १८६२ पासून त्यांनीं हे हिशेब छापले. केपटाउनच्या बिशपांनीं त्यांना पदच्युत केलें. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें १८६५ त तो निकाल रद्द ठरविला. युरोपांतल्या पंडितांचे ग्रंथ त्यांनीं पुढें वाचले असतील, पण देवापुढें हो कीं नाहीं म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आली ती एका काळ्या माणसाच्या साध्या प्रश्नानें. त्यापूर्वीं टॉमस पेननें मोशेच्या मरणाचा हाच मुद्दा छापून मांडला होता, १७९५ सालीं. पेनचा बाप बायकांच्या कांचोळ्या शिवणारा कारागीर. आमच्या जोतीराव फुल्यांनीं तरुणपणीं पेनचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें हें सर्वांस ठाऊक आहे.

फुले मिशनच्या शाळेंत शिकले, मिशनऱ्यांचे उपकार त्यांनीं उघड मानले, येशूला त्यांनीं बळीराजाच्या पंक्तीला बसविलें. पण ख्रिस्ती झाले नाहींत. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं छापलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकांत त्यांनीं सांगितलें कीं, कोणत्याहि धर्मपुस्तकांत सगळें सत्य नाहीं. आणि त्याच पुस्तकांत एका घराचें चित्र आहे: बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाहीं. ज्यांनीं पोथ्यांची चिकित्सा सर्वांत कठोरपणें केली त्यांनींच हें घर लिहिलें. चिकित्सा आणि घर या दोन्ही गोष्टी त्यांना एकदम हव्या होत्या. आमच्यांतले पुष्कळ लोक चिकित्सा तेवढी उचलतात, तीहि शेजाऱ्याच्या पोथीपुरती, आणि आपल्याच भावजयीला जत्रा बंद करतात.

पाळकांनाहि एक बाई दाखवावीशी वाटते. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती झाल्या. लगेच त्यांच्या मिशनच्या बायकांनीं आणि बिशपांनीं सांगितलें, हें मान, तें मान. रमाबाईंनीं लिहून कळविलें कीं, एका भिक्षुकवर्गाचें जोखड मोठ्या कष्टानें काढलें आहे, आतां दुसऱ्याचें मानेवर घेणार नाहीं. जोतीरावांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’ काढलें त्यांत रमाबाईंची बाजू घेतली, ती उगाच नव्हे. पुढें केडगांवच्या मुक्ति सदनांत या बाईनें हिब्रू व ग्रीक शिकून सगळें बायबल स्वत: मराठींत उतरविलें. मराठी बायबल त्यापूर्वीं नव्हतें असें नाहीं. कॅरी साहेबांनीं १८११ त श्रीरामपुराहून नवा करार छापला होता, आणि त्याहून दोनशें वर्षें आधीं, १६१६ त, गोव्यांत फादर स्टीफन्सनीं त्या कथा सुमारें अकरा हजार ओव्यांत गाइल्या होत्या. तरी रमाबाईंना वाटलें कीं, मूळांत काय आहे तें आपण डोळ्यांनीं पाहावें, आणि खेड्यांतल्या अडाणी बाईला कळेल अशा भाषेंत सांगावें. मुक्तींतल्या मुलींनींच खिळे जुळविले, छापलें. १९२२ च्या एप्रिलांत रमाबाई वारल्या. पुस्तक १९२४ त बाहेर आलें. श्रद्धा असलेली ही बाई मूळ शब्द शोधायला भ्याली नाहीं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० सालीं धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते व २०२४ त वारले, त्यांनींहि सुबोध बायबल लिहिलें. रोमच्या पोपनें १९४३ सालींच आपल्या विद्वानांना मूळ भाषांवरून शोध करण्यास मोकळीक दिली. मग वागळे इस्टेटींत एका खोलींत चालणाऱ्या प्रार्थनेंतच प्रश्न विचारणें सैतानाचें काम कां ठरावें? जी बाई रोज एक पान वाचते तिला पुढचें पान आल्यावर शंका येणारच. तिचे पैसे, तिचा शनिवार-रविवार, तिचा विश्वास घेतां. तिचा प्रश्नहि घ्या.

आम्ही निघालों त्या दिवशीं वहिनींनीं दोन गोष्टी मागितल्या: मोठ्या टाइपाचा गाथा, आणि रमाबाईंचें भाषांतर मिळालें तर तें, म्हणजे आपल्या पुस्तकाशीं ताडून पाहतां येईल. पोरगा स्टेशनपर्यंत पोंचवायला आला. वाटेंत म्हणाला, “काका, तो वार कुठला ते मूळ कागदाशिवाय कळलंच नसतं का?” आम्ही म्हणालों, नसतें कळलें.

थोरल्या चुलत्यांना आम्हीं गांवीं येतांच पत्र लिहिलें. त्यांत एवढेंच विचारलें कीं, कोणीं लिहिलें हें नक्की सांगतां येत नाहीं म्हणून एक पुस्तक फळीवरून खालीं काढावयाचें, तर आपल्या घरांतलीं कोणतीं कोणतीं खालीं काढावीं तें कळवावें. आणि दादांची दारू सुटली त्या दोन वर्षांत आपण ठाण्यास किती वेळां आलां होतां, तेंहि कळवावें. पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. जत्रा पौषांत आहे.